कमरेचा मार आणि न दिसणारं रक्त

दुचाकीची धडक बसून माणूस रस्त्याच्या कडेला उताणा पडला आहे. कोपर, गुडघे खरचटलेत, पण वाहणारं रक्त कुठेच दिसत नाही. माणूस शुद्धीवर आहे, बोलतोय, फक्त कमरेत आणि जांघेत खूप दुखतंय म्हणतोय आणि पाणी मागतोय. भोवती जमलेले लोक चांगलेच असतात. कोणी पाण्याची बाटली पुढे करतो, कोणी काखेत हात घालून त्याला बसवायला बघतो, कोणी रिक्षा थांबवतो. दोघं खांद्याकडून, दोघं पायांकडून उचलतात आणि रिक्षात कोंबून जवळच्या दवाखान्यात नेतात. यातल्या प्रत्येकाच्या मनात मदतच असते. पण त्या माणसाचं कमरेचं हाड मोडलं असेल, तर यातली जवळजवळ प्रत्येक कृती त्याच्या शरीरातलं रक्त आणखी वेगानं वाहून जायला कारण ठरते.

या लेखातून एकच गोष्ट मनावर ठसावी अशी माझी इच्छा आहे. जोराचा अपघात किंवा उंचावरून पडणं आणि त्यानंतर कमर, ओटीपोट किंवा जांघेत दुखणं, एवढं दिसलं की बाहेर रक्ताचा थेंब नसला तरी आत रक्तस्राव चालू आहे असंच धरून चालायचं. तो नाही हे ठरवण्याचं काम रुग्णालयाचं आहे, रस्त्यावरच्या माणसाचं नाही.

ओटीपोटाच्या तळाशी हाडांचं एक कडं असतं. मागे पाठीच्या कण्याला जोडलेलं त्रिकास्थी, दोन्ही बाजूंना कमरेची रुंद हाडं आणि पुढे, जननेंद्रियाच्या वर, ती एकमेकांना जोडणारा सांधा. डॉक्टर याला पेल्व्हिस म्हणतात. बांगडी फुटते तेव्हा सहसा एकाच ठिकाणी फुटत नाही, तसं हे कडंही जोराच्या माराने बहुधा दोन ठिकाणी मोडतं, किंवा एका ठिकाणी मोडतं आणि दुसरीकडे त्याचे बंध फाटतात. या कड्याच्या आतल्या बाजूला चिकटून शिरांचं दाट जाळं असतं आणि मोठ्या धमनीच्या फांद्याही तिथूनच जातात. त्यांतली एक फांदी पार्श्वभागाच्या स्नायूंना रक्त पुरवते आणि मागच्या हाडाच्या खाचेतून बाहेर पडते. मागचं हाड मोडलं तर तीच फाटण्याची भीती जास्त. पुढचं हाड मोडलं तर पुढच्या बाजूच्या फांद्या सापडतात.

बहुतेक रुग्णांत, ढोबळमानाने दहापैकी आठ-नऊ जणांत, रक्त येतं ते शिरांमधून आणि मोडलेल्या हाडाच्या तोंडातून. उरलेल्या थोड्यांत धमनी फाटलेली असते. संख्या थोडी असली तरी सगळ्यांत लवकर जीव जातो तो याच रुग्णांचा, कारण धमनीत रक्ताला हृदयाचा दाब असतो आणि ते आपोआप थांबत नाही. हे सगळं रक्त आतड्यांच्या मागच्या, सैल जागेत साठत जातं. तिथे कित्येक लिटर रक्त मावतं. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात एकूण रक्तच साधारण सव्वाचार लिटर असतं, हे लक्षात घेतलं की धोका किती मोठा आहे ते कळतं.

आता लक्षणं. जांघेत, ओटीपोटात किंवा कमरेच्या मागे वेदना, पाय हलवता न येणं, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणं, लघवीच्या जागेतून किंवा गुदद्वारातून रक्त येणं, अंडकोषावर किंवा जांघेत काळनिळं पडणं, ही हाड मोडल्याची चिन्हं. रक्त कमी होत असल्याची चिन्हं वेगळी: अंग गार आणि घामेजलेलं, चेहरा पांढुरका, नाडी वेगवान आणि बारीक, श्वास भरभर, खूप तहान, आणि अस्वस्थता. ही अस्वस्थता नीट ओळखायला हवी. रक्त कमी पडलेला माणूस बडबडतो, हात झटकतो, उठायला बघतो आणि बघे म्हणतात, "प्यालेला दिसतोय." प्यालेला असला तरी मेंदूला रक्त कमी पडत असण्याची शक्यता संपत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

तरुण माणसाच्या बाबतीत आणखी एक फसवणूक होते. त्याचं शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ टिकवतं. एकूण रक्ताच्या जवळजवळ ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा ठीक दिसू शकतो आणि नंतर एकदम कोसळतो. त्यामुळे "बीपी नॉर्मल आहे" या वाक्यावर नातेवाइकांनीही निर्धास्त होऊ नये आणि डॉक्टरांनीही. नाडीचा ठोका वरच्या रक्तदाबाच्या आकड्याच्या जवळ आला किंवा त्याच्या पुढे गेला, तर ती धोक्याची खूण आहे. वृद्धांमध्ये हीच खूण फसवते, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे त्यांची नाडी वाढतच नाही.

अपघाताच्या जागी काय करायचं? आधी १०८ किंवा ११२ लावा. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून चालू आहे. फोनवर "अपघात झालाय, लवकर या" एवढंच सांगू नका. माणूस शुद्धीवर आहे का, कमरेला मार आहे, श्वास कसा आहे, किलोमीटरचा दगड किंवा जवळचा फाटा कोणता, हे सांगा.

मग त्याला जिथे आहे तिथेच उताणं राहू द्या. बसवू नका, उभं करू नका, पाय ओढून सरळ करू नका. कमरेची हाडं दोन्ही बाजूंनी दाबून किंवा हलवून "मोडलंय का बघू" असं तर कधीच करू नका. पूर्वी डॉक्टरही तसं तपासत असत. आता ते बंद करावं असंच शिकवलं जातं, कारण नुकती धरू लागलेली रक्ताची गुठळी त्या एका हालचालीनं सुटते. अख्खा उपचार ज्या पहिल्या गुठळीवर उभा आहे ती जपणं, हेच रस्त्यावरच्या माणसाचं मुख्य काम.

पाणी मागितलं तरी देऊ नका. तहान हेच रक्त कमी झाल्याचं लक्षण आहे आणि पाण्यानं ती भागत नाही. उलट तासाभरात भूल द्यावी लागली तर पोटातलं पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. फार तर ओठ ओले करा. अंगावर चादर, शाल, मिळेल ते पांघरूण घाला. उन्हाळ्यातसुद्धा घाला. अंग गार पडलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव वाढतो.

कमर बांधण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण याच ठिकाणी चांगल्या हेतूनं चूक होते. मोडलेलं कडं बाहेरून आवळून धरलं तर हाडांची तोंडं एकमेकांजवळ येतात, आतली हालचाल थांबते आणि शिरांमधलं रक्त गोठायला वाव मिळतो. रुग्णवाहिकेत यासाठी तयार पट्टा असतो, त्याला पेल्विक बाइंडर म्हणतात. तो नसेल तर चादरीची रुंद घडी चालते. पण बांधायची कुठे? आपण पँटचा पट्टा बांधतो तिथे नव्हे. ती जागा वर पडते, आणि तिथे आवळलं तर कडं खालून आणखी उघडू शकतं. कुशीवर झोपल्यावर मांडीच्या वरच्या टोकाचं जे हाड गादीला टेकतं, तो खुबा. दोन्ही खुब्यांवरून पट्टा जायला हवा. आत्ताच आपल्या स्वतःच्या अंगावर हात ठेवून ती जागा चाचपून बघा, म्हणजे पुन्हा विसरणार नाही.

रुग्णवाहिका दहा-पंधरा मिनिटांत येणार असेल तर हे काम तिच्यासोबतच्या लोकांवर सोडा. घाटात, डोंगरवाडीत, गडावर किंवा उसाच्या फडात तासभर कोणी पोचणार नसेल आणि तुमच्यातल्या कोणी प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं असेल, तर बांधा. आधी खिशातला मोबाइल, किल्ल्या काढून घ्या. चादर, साडी किंवा धोतर वीतभर रुंद पट्टीत घडी करा. गुडघ्यांमागे जी पोकळी असते तिथून ती पट्टी अलगद सारा आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून, माणसाला न उचलता, वर खुब्यांच्या पातळीपर्यंत सरकवा. मग दोघांनी समोरासमोरून सारख्या जोरानं ओढून पुढे गाठ मारा. हाडं जागेवर यावीत इतपतच आवळायचं, चेपायचं नाही. गुडघ्यांमध्ये मऊ कापड ठेवून गुडघे आणि घोटे एकत्र बांधा, पावलांची बोटं किंचित आत वळलेली असू द्या. मांडीचं हाडही मोडलेलं दिसत असेल तर पाय जबरदस्तीनं जवळ आणू नका. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. एकदा बांधलं की रुग्णालयात डॉक्टर सांगेपर्यंत सोडायचं नाही, "बघू सूज किती आलीय" म्हणूनही नाही.

रुग्णवाहिका येणारच नसेल आणि हलवणं भाग असेल, तर चार-पाच जणांनी घोंगडी किंवा फळीवर सपाट, एकदम, एका आवाजावर उचलायचं. कुशीवर वळवायचं नाही. रिक्षापेक्षा पिकअपचा सपाट हौदा कधीही बरा. रिक्षात माणूस कमरेत दुमडून बसतो, आणि नेमकं तेच त्याला घातक असतं.

कधीकधी रक्त बाहेरही येतं. बैलाचं किंवा रेड्याचं शिंग जांघेत घुसणं, बांधकामावर सळईवर पडणं, ट्रॅक्टरखाली सापडणं, अशा मारात जांघेतली मोठी धमनी फाटते आणि लालभडक रक्त उसळ्या मारत येतं. इथे पायाला दोरी आवळून काही उपयोग नाही, कारण जखम दोरीच्याही वर असते. स्वच्छ कापडाची पट्टी बोटांनी जखमेच्या खोलीपर्यंत, रक्त येतंय त्या तोंडावर ठासून भरा आणि कोपर सरळ ठेवून अंगाचा सगळा भार देऊन दाबा. मधेच हात काढून पाहू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा, पहिलं काढू नका. रुग्णालय येईपर्यंत, वाहन चालू असतानाही, हात तिथेच राहिला पाहिजे. हळद, कॉफीची पूड, चुना यांतलं काही भरू नका. सळई किंवा काठी आत रुतलेली असेल तर ती ओढून काढायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं. आणि जखम जांघेत नसून थेट पोटात असेल, तर आत कापड कोंबू नका, फक्त वरून झाकून घ्या.

कायद्याची भीती अजूनही लोकांना मागे खेचते, म्हणून तेही स्पष्ट लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि नंतर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नं, रस्त्यावरील जखमीला सद्हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. तुमचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. कोणतंही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, तातडीचे उपचार नाकारू शकत नाही, हे तर न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं आहे. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींवर नियुक्त रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता करण्याची केंद्राची योजनाही आहे. पैसे जमवण्यात पहिला तास घालवू नका.

न्यायचं कुठे? माझं मत स्पष्ट आहे: जवळच्या नव्हे, तर रक्त थांबवू शकणाऱ्या रुग्णालयात. जिथे शस्त्रक्रियागृह, सर्जन, रक्तपेढी आणि सीटी स्कॅन आहे ते रुग्णालय वीस मिनिटं लांब असलं तरी, रुग्णाचा श्वास ठीक असेल तर सरळ तिकडेच जावं. छोट्या दवाखान्यात एक्स-रे काढणं, सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवणं आणि तासाभरानं "पुढे हलवा" म्हणणं, यात बरेच जण हातचे जातात. सलाइन जास्त दिलं की उरलेलं रक्त पातळ होतं, अंग गार पडतं आणि गोठण्याची शक्ती घटते. रक्त गेलेल्याला रक्तच द्यावं लागतं. म्हणून आता सलाइन बेतानंच देतात आणि रक्त थांबेपर्यंत रक्तदाब मुद्दामच थोडा कमी राहू देतात. मात्र डोक्यालाही मार असेल तर तसं करत नाहीत. लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स जवळपास सारख्या प्रमाणात दिल्या जातात.

एका औषधाचं नाव मात्र घरोघरी माहीत असावं: ट्रानेक्सॅमिक ॲसिड. जपानमधल्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं. धरलेली गुठळी विरघळू न देणं हे त्याचं काम. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह ४० देशांतल्या २० हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत त्यानं मृत्यू कमी होतात हे दिसलं. ते स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावातही मिळतं. पण ते वेळेवर द्यावं लागतं. पहिल्या तासात दिलं तर सर्वांत चांगलं, तीन तासांच्या आत उपयोगी. तीन तासांनंतर सुरू केलं तर अपाय होऊ शकतो. पुढे पाठवणाऱ्या छोट्या रुग्णालयानं काहीच करायचं नसेल तरी दोन गोष्टी कराव्यात असं मला कळकळीनं वाटतं: खुब्यांवर पट्टा आणि ट्रानेक्सॅमिक ॲसिडचं इंजेक्शन. दोन्हीला मिळून दहा मिनिटं पुरतात.

पट्टा बांधला, रक्त चढवलं, तरी रक्तदाब टिकत नसेल आणि छाती-पोटातून रक्त जात नसल्याचं सोनोग्राफीत दिसलं, तर धमनी फाटली असावी असं समजून पुढे जातात. इथून दोन वाटा आहेत. पहिली, धमनी आतून बंद करणं. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी रक्तवाहिनीत सारतात, रंगद्रव्य सोडून गळती कुठे आहे ते पडद्यावर पाहतात आणि नेमक्या त्या फांदीत जिलेटिनचे तुकडे किंवा धातूची बारीक गुंडाळी सोडून ती बुजवतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. पेल्व्हिसच्या मारासाठी ही पद्धत १९७२ पासून वापरात आहे. आपल्याकडे कॅथलॅब म्हटलं की फक्त हृदयविकार आठवतो, पण तिथली यंत्रं याही कामाला येतात. ते करणारा रेडिओलॉजिस्ट मात्र हवा, तोही रात्री दोन वाजता.

तो मिळत नसेल किंवा रुग्ण तोवर तग धरणार नसेल, तर दुसरी वाट. ओटीपोटावर खालच्या बाजूला सहा-आठ सेंटीमीटरचा छेद घेऊन, पोट न उघडता, हाडाच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे कापडाच्या घड्या ठासून भरतात आणि बाहेरून हाडांना सळ्यांचा सांगाडा लावून कडं स्थिर करतात. घड्या एक-दोन दिवसांनी काढतात. शिरांचं रक्त यानं थांबतं आणि धमनीच्या उपचारासाठी वेळ मिळतो. याला महागडं यंत्र लागत नाही, शिकलेला सर्जन लागतो. म्हणूनच ही शस्त्रक्रिया प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चोवीस तास व्हायला हवी, असं मी आग्रहानं म्हणेन. महाधमनीत फुगा फुगवून रक्त तात्पुरतं अडवण्याच्या तंत्राचा अलीकडे बराच गाजावाजा झाला. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत त्यानं जीव वाचल्याचं दिसलं नाही, उलट मृत्यू वाढण्याची शक्यता दिसली. नातेवाइकांनी त्याचा हट्ट धरू नये.

रुग्णालयात पोचल्यावर नातेवाइकांनी नम्रपणे पण स्पष्ट विचारावं: "पट्टा लावला का? रक्त मागवलं का? आतली धमनी बंद करण्याची सोय इथे आहे का, नसेल तर कुठे आहे, आणि तिथे फोन झाला का?" रुग्ण ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कोणती गोळी घेतो का, हे न विचारता सांगा. लघवीच्या जागेतून रक्त दिसलं असेल तर तेही सांगा, कारण मूत्रमार्ग फाटलेला असताना नळी आंधळेपणानं घातली तर इजा वाढते.

घरातल्या वयस्करांबद्दल वेगळं सांगायला हवं. आजी न्हाणीघरात घसरली, एक्स-रेत पुढच्या हाडाला बारीक चीर दिसली, "महिनाभर आराम करा" म्हणून घरी पाठवलं, हे नेहमी घडतं आणि बहुतेकदा ते योग्यच असतं. पण वयानं कडक झालेल्या धमन्या आवळल्या जात नाहीत. त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर साध्या चिरेतूनही धमनी तासन्‌तास पाझरू शकते. पहिले दोन दिवस लक्ष ठेवा. चक्कर, घाम, ओटीपोटाला वाढती सूज किंवा फुगवटा, गोंधळल्यासारखं बोलणं, लघवी कमी होणं, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंदही करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

या सगळ्या उपचारांना आधार देणारी यंत्रणा रक्तपेढी आहे. जखमीला पहिल्या तासात चढणारं रक्त त्याच्या नातेवाइकांनी धावपळ करून आणलेलं नसतं. तपासण्यांना लागणारा वेळ पाहता ते आणताही येत नाही. आधी कोणी तरी दिलेलं आणि तपासून ठेवलेलं रक्तच त्याला मिळतं. दरवर्षी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत, म्हणजे नेमकी रस्त्यांवर गर्दी असते तेव्हा, आपल्या रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. तुमचं वय १८ ते ६५ च्या दरम्यान असेल, वजन ४५ किलोंहून जास्त आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असेल, तर पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येतं. यंदा सुटीला गावी निघण्याच्या आधीच्या आठवड्यात तेवढं एक काम करून निघा.